नळाच्या शेवटच्या टोकाला क्लोरीन का पोचत नव्हते? नववीच्या एका वर्गाचे प्रकरण

पार्श्वभूमी

गाव पुणे जिल्ह्याच्या पूर्वेकडच्या, कमी पावसाच्या पट्ट्यातले. वस्ती साडेतीन हजारांच्या आसपास. गावठाण एका बाजूला आणि ओढ्यापलीकडे साठ-सत्तर उंबऱ्यांची एक वस्ती. मी तिथल्या माध्यमिक शाळेत इतिहास-राज्यशास्त्र शिकवत होते. गावाचे, शाळेचे, माणसांचे नाव इथे दिलेले नाही आणि ओळख पटेल असे काही तपशील बदलले आहेत. घटनाक्रम मात्र घडला तसाच आहे, आमच्या चुकांसकट.

शाळेत समाजसेवा म्हणजे २ ऑक्टोबर. सकाळी मुले झाडू, खराटे घेऊन एसटी स्टँडपर्यंत जायची, चहाचे कप आणि गुटख्याच्या पुड्या गोळा करायची, फोटो निघायचा, तो अहवालाला जोडला जायचा. एका वर्षी परतताना एक मुलगी मला म्हणाली, "मॅडम, मागच्या वर्षी आपण हेच कप उचलले होते ना?" तिने ते सहज विचारले होते. मला त्याचे उत्तर देता आले नाही.

त्याच सुमाराला शिक्षकांच्या एका प्रशिक्षणात जागतिक आरोग्य संघटनेने सांगितलेली दहा जीवनकौशल्ये पुन्हा समोर आली होती: स्वतःची जाणीव, समानुभूती, समस्या सोडवणे, निर्णय घेणे, चिकित्सक विचार, भावनांचे समायोजन वगैरे. त्यांचा तक्ता आमच्या शाळेच्या व्हरांड्यात कित्येक वर्षे लटकतो आहे. मुलांना तो पाठ होता. अनुच्छेद ५१क मधली ११ मूलभूत कर्तव्येही पाठ होती. ७३वी घटनादुरुस्ती २४ एप्रिल १९९३ पासून लागू झाली आणि अकराव्या अनुसूचीत पंचायतींकडे सोपवायचे २९ विषय आहेत, हे ती पेपरात बिनचूक लिहीत. पण त्या २९ विषयांत पिण्याचे पाणी आहे आणि म्हणून आपल्या नळाला काय येते हे ग्रामपंचायतीला विचारता येते, हे वर्गातल्या एकाही मुलाच्या मनात कधी आले नव्हते. आमचे ग्रामसेवक कोण, हे बेचाळीस मुलांपैकी सात जणांना सांगता आले.

नववी-दहावीला जलसुरक्षा हा श्रेणी विषय आहे, त्यात प्रकल्प करावा लागतो. विज्ञानाच्या सरांनी आणि मी ठरवले की यंदा झाडू बाजूला ठेवायचा. मुलांनी गावातल्या घरोघरच्या पाण्यात क्लोरीन आहे का ते तपासायचे.

अडचण

तपासणी सोपी असते. गावोगावच्या जलसुरक्षकाला, म्हणजे नळाला पाणी सोडणाऱ्या आणि ते शुद्ध करणाऱ्या माणसाला, ती माहीत असते. काचेच्या छोट्या नळीत खुणेपर्यंत पाणी घ्यायचे, त्यात ओ.टी. (ऑर्थोटोलिडीन) द्रावणाचा थेंब टाकायचा. पाणी पिवळे झाले तर क्लोरीन आहे. नाहीच झाले तर टीसीएल, म्हणजे पाणी शुद्ध करायची क्लोरीनची पावडर, टाकलेली नाही, कमी पडली आहे किंवा तिचा असर वाटेतच संपला आहे. पिण्याच्या पाण्यात घरापर्यंत पोचल्यावरही लिटरला किमान ०.२ मिलिग्रॅम क्लोरीन उरलेले असावे, असे मानक आहे.

जुलैच्या शेवटच्या आठवड्यात मुलांच्या सहा गटांनी साठ घरे केली. आरोग्य उपकेंद्रातून ओ.टी.ची बाटली आणि नळ्या मिळाल्या होत्या. साठपैकी एक्केचाळीस नळ्यांत पाण्याला रंग आला नाही. मुले शाळेत परतली तेव्हा त्यांच्या चेहऱ्यावर जे होते ते मी आधी कधी पाहिले नव्हते. काहीतरी खरे हाती लागल्याचा तो उत्साह होता. सर म्हणाले, "आकडे नीट मांडू, मग बघू." पुढच्या आठवड्यात अहवाल लिहायचे ठरले आणि आम्ही घरी गेलो.

त्या रात्री वर्गातल्या एका मुलाने मोठ्या भावाच्या फोनवरून गावच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर बिनरंगाच्या नळ्यांचा फोटो टाकला. खाली लिहिले: "६० पैकी ४१ घरांत क्लोरीन नाही. आपण विष पितोय. पाणी सोडणारा पावडर टाकतच नाही."

सकाळपर्यंत तो फोटो तीन ग्रुपवर फिरला होता. सरपंचांच्या विरोधातल्या गटाने त्यावर आपले चार शब्द जोडले. सरपंचांचा मुख्याध्यापकांना फोन आला. काही पालक शाळेत येऊन म्हणाले, मुलांना राजकारणात ओढू नका.

आणि वर्गात तिसऱ्या बाकावर बसणारी एक मुलगी शाळेत आली नाही. गावाचा जलसुरक्षक तिचा बाप. ग्रामपंचायतीचा शिपाईही तोच, पाणीपट्टी गोळा करणाराही तोच, दवंडी द्यायलाही तोच. ही मुलगी तपासणीच्या गटात होती. नळ्या धुण्याचे काम तिने केले होते.

मी तिच्या घरी गेले नाही. त्याऐवजी पहिल्या तासाला वर्गात उभी राहून बोलले, की माहिती परस्पर पसरवू नये, कुणाची बदनामी होते, वगैरे. मुले खाली माना घालून बसली. ज्याने फोटो टाकला तो रडवेला झाला. माझे बोलणे चुकीचे नव्हते, पण त्या दिवशी ते शेवटी यायला हवे होते. आधी त्या घरी जायला हवे होते.

समोर असलेले पर्याय

दुसऱ्या दिवशी मुख्याध्यापक, विज्ञानाचे सर आणि मी बसलो. चार वाटा दिसत होत्या.

पहिली, प्रकल्प थांबवणे. मुख्याध्यापकांचा कल इकडे होता आणि त्यांचे म्हणणे वेडेवाकडे नव्हते. शाळा गावावर चालते, शाळेची संरक्षक भिंत ग्रामपंचायतीच्या निधीतूनच व्हायची होती. पण थांबलो असतो तर बेचाळीस मुलांनी एवढेच लक्षात ठेवले असते की खरे बोलले की गप्प बसवतात.

दुसरी, वर जाणे. पंचायत समिती, जिल्हा परिषद, वर्तमानपत्र. माहिती अधिकार कायदा २००५ चा, अर्जाला दहा रुपये, उत्तराला तीस दिवस, हे मी स्वतः वर्गात शिकवते, त्यामुळे मलाच ही वाट ओढत होती. पण गावात ज्याच्याशी एकदाही समोरासमोर बोललो नाही त्याच्याविरुद्ध आधी अर्ज करायचा, हे मुलांना काय शिकवील याची मला काळजी वाटली.

तिसरी वाट विज्ञानाच्या सरांनी सुचवली आणि ती सगळ्यांत गोड वाटत होती. मुलांनीच घरोघरी मेडिक्लोरच्या, म्हणजे घरच्या पाण्यात टाकायच्या क्लोरीन द्रावणाच्या, बाटल्या वाटाव्यात, थेंब कसे टाकायचे ते दाखवावे. सेवा झाली, गावही खूश. मी विरोध केला. आजही करीन. साथ आली असेल तर जरूर वाटा. पण रोजचे पाणी शुद्ध करून देणे ग्रामपंचायतीचे काम आहे, त्यासाठी गाव पाणीपट्टी भरते आणि तेव्हा पंधराव्या वित्त आयोगाच्या निधीतला मोठा हिस्सा पाणी व स्वच्छतेसाठीच बांधलेला होता. नववीच्या मुलांनी ते काम फुकट आणि अर्धवट करायला लागायचे, याला मी नागरिकत्वाचे शिक्षण म्हणणार नाही.

चौथी वाट: तपासणी पुन्हा करायची, या वेळी आरोग्य सेवकांना सोबत घेऊन. आणि त्याआधी जलसुरक्षकाच्या घरी जायचे. ही वाट हळू होती आणि तिच्यात आमचेच चुकलेले निघण्याची शक्यता होती. तीच घेतली.

आधी स्वतःचे आकडे तपासले

तपासणीचे कागद आम्ही पुन्हा काढले. वर्गातल्या एका अबोल मुलाने हात वर केला. "मॅडम, आम्ही नळाचं पाणी नाही घेतलं. पाणी सुटायची वेळ टळली होती. माठातलं घेतलं."

एकेका गटाला विचारत गेलो. साठ नमुन्यांपैकी थेट नळाचे फक्त बावीस होते. बाकीचे माठ, हंडा, पिंप, कळशी. काही घरांत ते आदल्या दिवशीचे पाणी होते. साठवलेल्या पाण्यातले क्लोरीन तासागणिक उडत जाते, त्यामुळे त्या नळ्या बिनरंग राहिल्या तर त्यावरून टाकीत पावडर टाकली की नाही हे ठरत नाही. आमच्या कागदावर घरमालकाचे नाव, वेळ, रंग असे तीन रकाने होते. पाणी कुठले, हा रकानाच नव्हता. तो कागद मी केला होता.

वर्गात शांतता झाली. फोटो टाकणारा मुलगा म्हणाला, "म्हणजे आपलं सगळंच खोटं?" तेवढ्यात ओढ्यापलीकडच्या वस्तीतली एक मुलगी म्हणाली, "आमच्याकडं मी स्वतः नळाला बाटली लावली होती. नव्हता रंग."

जलसुरक्षकाच्या घरी

संध्याकाळी चार मुले आणि मी गेलो. अंगणात खाट टाकलेली होती. आम्हाला बसायला सांगून काका आत गेले ते बराच वेळ बाहेर आलेच नाहीत. मुलगी दारातून बघत होती. काकूंनी पाणी आणून दिले, आणि ते तांबे हातात घेताना चारही मुले एकमेकांकडे बघायला लागली.

मग काका आले आणि एकच वाक्य बोलले. "टाकत नाही म्हणू नका. टाकतो. कुठं टाकतो ते विचारा."

त्यांनी आम्हाला दुसऱ्या दिवशी पहाटे यायला सांगितले. दोन पालक बरोबर घेऊन आम्ही साडेपाचला टाकीपाशी पोचलो. त्या आठवड्यात थ्री फेज वीज रात्रीची होती. काका एक वाजता दोन किलोमीटरवरच्या विहिरीवर जाऊन मोटार चालू करून आले होते, टाकी भरत आली होती. त्यांनी टाकीच्या लोखंडी शिडीकडे बोट दाखवले. खालून पाचवा, सहावा आणि वरचा एक गज तुटलेला होता. वर जायचे तर तुटक्या गजांच्या जागी बाजूच्या पट्टीला पाय लावून अंग वर ओढायचे, तेही एका हातात पावडर कालवलेली बादली धरून. मागच्या पावसाळ्यात त्यांचा पाय घसरला होता. तेव्हापासून पावडर टाकीत पडत नव्हती. ते ती दुपारीच विहिरीत टाकत.

विज्ञानाचे सर तिथेच उभ्या उभ्या मुलांना विचारू लागले. उघडी विहीर, वर ऊन, पाण्यात पालापाचोळा. दुपारी टाकलेले क्लोरीन रात्री एक वाजेपर्यंत किती उरेल? मग टाकी. मग सहाला गावठाण आणि आठला ओढ्यापलीकडे. मुले बोटांवर तास मोजत होती.

दुसरी गोष्ट पंपाच्या खोलीत दिसली. टीसीएलचे पोते कोपऱ्यात, तोंड उघडे, खालची बाजू ओलीने गोळा झालेली. ही पावडर हवा आणि दमट लागली की तिच्यातले क्लोरीन कमी होत जाते. मोजायला स्टीलची वाटी होती. "सांगितलं होतं दोन वाट्या," काका म्हणाले. मुलांनी ती वाटी मागून घेतली आणि शाळेच्या प्रयोगशाळेत तराजूवर भरून ठेवली. सपाट वाटीत नव्वद ग्रॅम. टाकी पन्नास हजार लिटरची. हजार लिटरला पाच ग्रॅम या हिशेबाने अडीचशे ग्रॅम लागणार आणि पडत होते एकशे ऐंशी, तेही उतरलेल्या पावडरीचे. गणिताच्या तासाला वर्षभर कंटाळणारी दोन मुले त्या दिवशी तराजूजवळून हलेनात.

माफी कशाची?

या प्रकरणातला खरा निर्णय इथे झाला असे मला वाटते, म्हणून थोडे सविस्तर सांगते.

सप्टेंबरच्या पहिल्या आठवड्यात आरोग्य सेवकांबरोबर पुन्हा तपासणी झाली. फक्त नळाचे पाणी, पाणी सुटल्यापासून तासाभराच्या आत. गावठाणातल्या पंधरा नळांपैकी अकरा ठिकाणी फिका का होईना पिवळा रंग आला. ओढ्यापलीकडच्या नऊच्या नऊ नळांना काहीच नाही.

फोटो टाकणाऱ्या मुलाने माफीचे पत्र लिहून आणले होते. "आमची चूक झाली. पाण्याबद्दल आम्ही जे म्हटले ते सर्व मागे घेतो." मी ते वर्गात वाचून दाखवले आणि विचारले, पाठवायचे का? बहुतेकांनी हो म्हटले. विषय संपावा असे सगळ्यांनाच वाटत होते. मलाही वाटत होते.

वस्तीतली मुलगी उठली. "आमच्या नळाला क्लोरीन नाहीये. आधी नव्हतं, आत्ताही नाही. मग माफी कशाची मागायची?"

एक पूर्ण तास त्यावर गेला. कुणी म्हणाले, काकांची माफी मागायची, ग्रामपंचायतीची नाही. कुणी म्हणाले, "विष" हा शब्द चुकीचा होता. क्लोरीन नाही म्हणजे पाणी सुरक्षित असल्याची खात्री नाही, ते विष आहे असे त्यातून सिद्ध होत नाही. मग एकाने फळ्यावर दोन भाग केले. एका बाजूला, आपण चुकीचे काय बोललो: विष म्हटले, पावडर टाकतच नाहीत म्हटले, माठाचे पाणी नळाचे म्हणून मोजले. दुसऱ्या बाजूला, आपण बरोबर काय सांगितले: वस्तीला क्लोरीन पोचत नाही. पत्र नव्याने लिहिले गेले. पहिल्या भागाबद्दल काकांची स्पष्ट माफी, दुसऱ्या भागाबद्दल एक शब्दही मागे नाही. त्याच मुलाने ते ज्या ग्रुपवर फोटो टाकला होता त्याच ग्रुपवर, स्वतःच्या नावाने टाकले. भाऊ नको म्हणत होता. त्याने ऐकले नाही.

पत्र गेल्याच्या दुसऱ्या दिवशी जलसुरक्षकाची मुलगी शाळेत आली. ती कुणाशी बोलली नाही, पण मधल्या सुट्टीत नळ्यांची पेटी तिनेच कपाटात नीट लावून ठेवली.

ग्रामसभेपर्यंत

आता प्रश्न शिडीचा, पोत्याचा आणि वस्तीच्या नळाचा होता, आणि तो ग्रामपंचायतीपुढे नेणे भाग होते. इथे एक अडचण होती. ग्रामसभेचे सदस्य म्हणजे गावचे मतदार. चौदा-पंधरा वर्षांच्या मुलांना तिथे ठराव मांडता येत नाही. मुलांना हे ऐकून राग आला. पाणी आम्हीही पितो, असे त्यांचे म्हणणे.

मी त्यांना कायद्यातली एक तरतूद सांगितली जी मी स्वतः फारशी वापरात पाहिली नव्हती. नियमित ग्रामसभेच्या आधी गावातल्या महिला मतदारांची सभा घ्यावी लागते. मुले एकमेकांकडे बघायला लागली. मतदार तर घरातच होते.

पुढचे पंधरा दिवस मुलांनी आपापल्या आईला, आजीला तपासणीचा कागद समजावून सांगितला. हा गृहपाठ मी दिला नव्हता, तो त्यांनीच ठरवला. एका मुलाची आई मला म्हणाली, "तीनदा सांगितलं त्यानं मला. माठ वेगळा, नळ वेगळा." मुलगा घरी कधी धड बोलत नाही अशी त्या बाईंची नेहमीची तक्रार असे.

१ ऑक्टोबरला महिला ग्रामसभा झाली. एरवी सह्यांपुरती होते. त्या दिवशी चावडीत बसायला जागा नव्हती असे म्हणणार नाही, पण चाळीसएक बायका होत्या. वस्तीतल्या दोघींनी पाण्याचे सांगितले. ग्रामसेवकांनी उत्तर दिले, की पावडर नियमित खरेदी होते, नोंदवहीत आहे. ते खरेच होते. मग जलसुरक्षकाची बायको उभी राहिली. ती बोलणार हे कुणालाच माहीत नव्हते. "वहीत पावडर हाय. शिडी कुठल्या वहीत हाय? माझा माणूस रोज त्या तुटक्या शिडीवर चढायचा. पडला असता तर कुणी काय लिहिलं असतं?"

दुसऱ्या दिवशीच्या ग्रामसभेत, सरपंचांच्या परवानगीने, दोन मुलांनी पाच मिनिटांत तक्ता दाखवला. विरोधी गटातल्या एकाने तिथेच सरपंचांवर ओरडायला सुरुवात केली. तक्ता धरून उभा असलेला मुलगा थांबला आणि म्हणाला, "आमचं अजून संपलं नाही." लोक गप्प झाले. फोटो टाकणारा हाच.

काय झाले

शिडी तीन आठवड्यांत दुरुस्त झाली, वरच्या बाजूला गोल कडेही बसले. झाकणाचा ड्रम आणि वजनकाटा आला. त्यांना मिळून जेवढा खर्च झाला त्यापेक्षा जास्त पैसे गावात एका सत्काराच्या हारतुऱ्यांवर जातात. पावडर पुन्हा टाकीत पडू लागली: बादलीत कालवायची, चुना खाली बसू द्यायचा, वरचे निवळ टाकीत ओतायचे, अर्धा तास थांबून मग पाणी सोडायचे. नोव्हेंबरच्या तपासणीत गावठाणात सगळीकडे रंग आला. वस्तीत नऊपैकी सहा ठिकाणी.

उरलेल्या तिघांचा प्रश्न सुटलेला नाही. वस्तीची पाइपलाइन ओढ्यातून जाते आणि दोन सांध्यांना गळती आहे. पाणी बंद असताना त्या सांध्यांतून ओढ्याचे पाणी आत ओढले जाते. हे काम ग्रामपंचायत विकास आराखड्यात घेतले गेले आहे, पण मी हे लिहीत असताना पाइप बदललेला नाही. त्या तीन घरांना आरोग्य सेवक मेडिक्लोर देतात.

मुलांचे काय झाले? मोजून सांगता येईल असे माझ्याकडे थोडेच आहे. त्या वर्गातले कोणते मूल कुठल्या कौशल्यात किती पुढे गेले, असा तक्ता मी केला नाही आणि करणार नाही. पाहिले ते सांगते. फोटो टाकणारा मुलगा आता काही ऐकले की "नळाचं का माठाचं?" असे विचारतो, तो वर्गाचा शब्द झाला आहे. जलसुरक्षकाची मुलगी दहावीला विज्ञान प्रदर्शनात टाकीची प्रतिकृती घेऊन गेली, शिडीसकट. अबोल मुलगा अजूनही अबोल आहे.

मुख्याध्यापक पुढच्या वर्षीच्या नियोजनात २ ऑक्टोबरपुढे "स्वच्छता फेरी" लिहीत होते. थांबले आणि "ग्रामसभेस उपस्थिती" असेही लिहिले. संरक्षक भिंतीचे काम उशिरा झाले. त्याचा या प्रकरणाशी संबंध होता की नाही, मी विचारले नाही.

वेगळे काय करता आले असते

जलसुरक्षकाला पहिल्या दिवसापासून बरोबर घ्यायला हवे होते. आम्ही त्याच्या कामाची तपासणी त्याला न सांगता केली, आणि तीही त्याच्याच मुलीच्या हातून. असा प्रकल्प कुणी करत असेल तर सगळ्यांत आधी पाणी सोडणाऱ्याबरोबर एक पहाट घालवा. निम्मे प्रश्न टाकीखालीच समजतात.

आकडे बाहेर कधी, कुणी, कुठे सांगायचे याचा नियम तपासणीआधी मुलांनीच करायला हवा होता. आम्ही तो घटनेनंतर केला. आता वर्गाचा नियम असा आहे: ज्याच्या कामाबद्दल बोलायचे त्याला आधी दाखवायचे, त्याचे म्हणणे लिहून घ्यायचे, मग बाहेर. त्याने ऐकलेच नाही तर किती दिवस थांबायचे, यावर मुलांचे एकमत झालेले नाही. दहा दिवस की महिना, वाद चालू आहे.

ओ.टी. द्रावणाबद्दल मी निष्काळजी होते. ऑर्थोटोलिडीन हे संभाव्य कर्करोगकारक मानले जाते. मुलांनी ते उघड्या हातांनी हाताळले, आणि ज्या मुलीने साठ नळ्या धुतल्या तिने हातमोजे घातले नव्हते. आता थेंब फक्त आरोग्य सेवक किंवा सर टाकतात, मुले पाणी घेतात, रंग पाहतात आणि नोंद करतात. तपासलेले पाणी मोरीत न ओतता डब्यात गोळा केले जाते.

एक गोष्ट मात्र मी टाळली आणि तिचे ओझे अजून आहे. पत्राच्या त्या तासात वस्तीतल्या मुलीने आणखी एक प्रश्न विचारला होता: "पाइपलाइन आमच्याकडंच शेवटी का येते?" मी म्हणाले, चढ-उतारामुळे. ते अर्धेच खरे होते. गावात कोणाची वस्ती कुठे वसली, टाकी कुठे बांधली, पहिला व्हॉल्व्ह कोणाच्या आळीला, यामागे जात आहे आणि ते वर्गातल्या प्रत्येक मुलाला माहीत होते. समानुभूतीचा तक्ता व्हरांड्यात लावणाऱ्या शाळेत मी त्या प्रश्नाला वळसा घातला, कारण गाव आधीच तापलेले होते. ती मुलगी खाली बसली. पुढच्या जूनमध्ये मी तो प्रश्न नागरिकशास्त्राच्या तासाला स्वतःहून फळ्यावर लिहिला, पण तोवर ती दहावीत, दुसऱ्या वर्गात गेली होती. नंतर तिला गाठून मी सांगितले, की त्या दिवशी मी पूर्ण उत्तर दिले नव्हते.

ती म्हणाली, "माहिती होतं, मॅडम." मग तिने विचारले, आराखड्यातला पाइप कुठल्या महिन्यात बदलणार. मी ग्रामसेवकांना विचारून सांगते म्हणाले. "मी विचारलंय," ती म्हणाली. "फेब्रुवारी म्हणालेत. मी लिहून घेतलंय."